मधोमध देवाजी

देवाजी मेश्रामची पाठ मी जितकी पाहिली, तितकी त्याच्या बायकोनेसुद्धा पाहिली नसेल. मी गोलकीपर होतो. आमच्या मिलच्या फुटबॉल टीमचा गोल मी बरीच वर्षं सांभाळला. 'सांभाळला' हा शब्द टीममधल्या दुसऱ्या कुणी माझ्याबद्दल कधी वापरला नाही, पण मी वापरतो. गोलकीपरला सगळा खेळ पाठमोरा दिसतो. समोर, मैदानाच्या बरोबर मध्यावर देवाजी उभा असायचा. जाड मान, उतरते खांदे, निळ्या जर्सीवर घामाचा मोठा ओला डाग. त्या डागावरून मॅच किती झाली आणि किती उरली हे मला कळायचं.

त्याचं तोंड दिसायचं ते गोल झाला की. बाकीचे पोट्टे गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडून एकच गोंधळ घालायचे. देवाजी तिकडे बघायचाही नाही. वळायचा आणि आपल्या जागेकडे चालत यायचा, माझ्याकडे तोंड करून, बाजारातून भाजी घेऊन निघालेल्या माणसासारखा. त्यामुळे ज्या मोसमात आम्ही वाईट खेळलो, त्या मोसमातला त्याचा चेहरा मला फारसा आठवत नाही.

तो विणाई खात्यात मागावर होता, मी टाइम ऑफिसात कारकून. माझी खिडकी मिलच्या फाटकाला लागून होती. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी तो सायकलवरून यायचा, खिडकीशी एक पाय टेकवायचा आणि विचारायचा, "काय बाबू, झोपला होता का रात्री?" मी हो म्हटलं की म्हणायचा, "मैदानातबी झोपते, रात्रीबी झोपते. कमाल हाय गा तुही." एवढा संवाद झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा.

त्या काळी सेंटर हाफ म्हणजे टीमचा मधला खांब. मागच्यांनी अडवलेला बॉल त्याच्याकडे द्यायचा आणि त्याने तो पुढच्यांना वाटायचा. सगळ्याच टीममध्ये असा एक जण असतो. पण आमच्याकडे तो एकच होता, बाकीचे त्याच्याभोवती होते. नागपुरात सदरपासून इतवारीपर्यंत ज्याला फुटबॉल कळतो आणि ज्याला कळत नाही ते दोघंही एकच वाक्य बोलायचे, "देवाजी हाय त टीम हाय." चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, सायकलच्या पंक्चरच्या दुकानात. मला तर ते ऐकून ऐकून वीट आला होता. मी गोल अडवला तरी लोक म्हणायचे, देवाजीनं त्याला बरोबर उभं केलं असेल.

आमची टीम प्रसिद्ध होती ती डोळे मिटून खेळणारी टीम म्हणून. ही देवाजीची करामत. पहिली पाळी सुटली की मिलच्या मागच्या मैदानावर प्रॅक्टिस असायची. देवाजी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, एखाद्या पोट्ट्याच्या डोळ्यांवर करकचून बांधायचा, त्याला जागच्या जागी दोन-तीन गिरक्या द्यायचा आणि त्याच्या पायाशी बॉल सरकवायचा. मग आपण मध्यावर जाऊन नुसतं "हं" करायचा. मोठ्याने नाही. जेवताना वाढणाऱ्याला पुरे म्हणून करतो, तसा हुंकार. त्या पोट्ट्याने त्या आवाजाकडे बॉल मारायचा.

"पाहू नको," तो म्हणायचा. "पाहनारा उशीर करते. तू फक्त दे. मी तिथंच असन."

सुरुवातीला बॉल कुठेही जायचे. एकदा कॅन्टीनवाल्याच्या किटलीवर गेला, एकदा विणाई खात्याच्या मुख्यांच्या, म्हणजे विव्हिंग मास्तरांच्या बंगल्याच्या कुंपणात. पण एका मोसमात असं झालं की मॅचमध्येसुद्धा आमची पोरं मान वर करेनाशी झाली. पायात बॉल आला, कानावर "हं" आलं की बॉल गेलाच. समोरच्या टीमला कळायचंच नाही की हे बघतात कधी आणि मारतात कधी. हात उंच करून बॉल मागणं, नावाने हाका मारणं आमच्याकडे नव्हतंच. मॅचच्या आधी देवाजी खिशातले फुटाणे काढायचा आणि एकेकाच्या तोंडात स्वतः घालायचा. कुणीतरी विचारलं, "प्रसाद हाय का भाऊ?" तर म्हणाला, "देवबिव काई नाई. दातात काहीतरी असू द्या, म्हंजे बोलनार नाई." मैदानात त्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज त्याला चालत नसे.

आता मागे बघताना वाटतं, सगळं तिथेच लिहिलेलं होतं. तेव्हा मात्र आम्हाला फार मजा वाटायची.

एकदा त्याचे सासरे वारले. सासुरवाडी कळमेश्वरची. नेमकी त्याच दिवशी मॅच होती, कॉलेजच्या मुलांच्या एका टीमशी, जिला आम्ही कधी मोजतच नव्हतो. देवाजी गेला आणि आम्ही त्याच्याशिवाय उतरलो. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की आज काही खरं नाही. आमचे बॅक बॉल अडवत होते, खाली मान घालून मध्यावर देत होते आणि मध्यावर कुणी नव्हतं. नेमून दिलेला माणूस होता, पण तो देवाजीच्या जागी उभा नव्हता. चार हात पुढे होता, दोन हात डावीकडे होता. बॉल त्या रिकाम्या जागेत जाऊन थांबायचा आणि कॉलेजची मुलं तो आरामात उचलायची. माझ्यावर पाच गोल झाले.

दुसऱ्या दिवशी देवाजी खिडकीशी आला. सासऱ्यासाठी डोक्यावरचे केस उतरवलेले. "किती?" म्हणाला.

"पाच."

"पाच?" तो म्हणाला. "माह्याबिगर पाच?"

त्याने चेहरा लांब करायचा प्रयत्न केला, पण जमेना. ओठांचे कोपरे सारखे वर जात होते. घरात सुतक असलेला तो माणूस दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये गेला आणि त्याने टीममधल्या सगळ्यांना चहा पाजला. आम्हीही प्यायलो. टपरीवरच्या वाक्यावर आता शिक्कामोर्तब झालं होतं.

त्याला हवं काय होतं हे मला एकदाच नीट कळलं. सदरच्या एका मोठ्या क्लबचे सेक्रेटरी स्कूटरवरून त्याला शोधत आले होते. क्लबच्या ओळखीने एका ऑफिसात नोकरी, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. मागाच्या खडखडाटात कान फुटायची वेळ आलेल्या माणसाला अजून काय पाहिजे? देवाजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या टीमचं माह्याबिगर अडून राहिलं का?"

सेक्रेटरी सरळ माणूस होते. म्हणाले, "अडलं असं नाही. तुम्ही आलात तर आणखी चांगली होईल."

"मंग नाई," देवाजी म्हणाला.

ते गेल्यावर मी त्याला मूर्ख म्हटलं. तो हसला. "तिथं अकरा खेळनारे हाय, बाबू. तिथं माहं काय काम?"

गुडघ्याचं दुखणं त्याने दोन मोसम लपवलं. मला कळलं ते त्याच्या घरी गेलो तेव्हा. नंदनवनकडे दोन खोल्यांचं घर होतं त्याचं. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, घरात तो आणि यशोदावहिनी. मी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता आणि वहिनी तव्यावर एरंडाची पानं गरम करून त्याच्या गुडघ्यावर बांधत होत्या. गुडघा कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते, कळत नव्हतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या टीमले दुसरा मानूस नाई भेटत काय गा?"

"शोधून राहिलो, वहिनी."

"कधीपासून?"

मी हातातल्या चहाकडे पाहिलं.

"तुले काय समजते वं?" देवाजी म्हणाला. "मी नाई गेलो त पोट्ट्यायचं काय होईन?"

"आन् तुमचं काय होईन, ते?" असं म्हणून त्यांनी फडकं इतकं आवळलं की तो गप्पच झाला.

त्याच सुमारास मिलमध्ये नवीन मॅनेजर आले. बाहेरगावचे, तरुण, फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेले. आमच्या टीममध्ये चार पोरं बदली होती. बदली म्हणजे ज्यांना मिलमध्ये कायमची जागा नाही. रोज सकाळी फाटकाशी येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवून आत घेईल, नाही तर भोंगा झाल्यावर घरी परत. हनीफ आमचा लेफ्ट बॅक. घरात आई आणि लग्नाच्या बहिणी. शंकर हाफला खेळायचा. त्याचं लग्न ठरून थांबलं होतं, कारण मुलीचा बाप म्हणत होता, आधी परमनंट व्हा. आणि टेकाम भाऊ, धाकटा आणि मोठा. त्यांचा बाप याच मिलमध्ये कापसाची धूळ खाऊन अंथरुणाला खिळलेला. चौघंही टीममध्ये आली होती ती एका आशेने: खेळलो तर कायम होऊ. जुन्या मॅनेजरांनी तसं तोंडी कबूल केलं होतं.

नव्या मॅनेजरांनी विव्हिंग मास्तरांकरवी निरोप पाठवला. यंदा सगळ्या मिलांच्या स्पर्धेची शील्ड आणली तर चारही बदली परमनंट. नाही आणली तर टीम बंद आणि मागच्या मैदानावर कापसाच्या गाठींचं गोदाम.

हा निरोप मास्तरांनी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमागे उभं करून सांगितला. सांगून झाल्यावर चारही पोरांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. त्यांनी देवाजीकडे पाहिलं. धाकटा टेकाम तर चक्क हसला. त्याच्या मते काम झालंच होतं.

सेमीफायनल आम्ही जिंकलो, पण शेवटी शेवटी देवाजी पडला. त्याला कुणी धक्कासुद्धा मारला नव्हता. नुसता वळला आणि खाली बसला. मी पळत गेलो. म्हणाला, "काई नाई, बाबू, पाय घरी गेला." मिलच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, फायनल तर सोडाच, यापुढे सायकलसुद्धा सोडा. फायनल आठवड्यावर होती.

त्या आठवड्यात देवाजी जेवढा बोलला तेवढा आयुष्यात बोलला नसेल. मैदानाच्या कडेला एक बादली पालथी घालून तो बसायचा आणि ओरडायचा, "डोये उघडा! वर पाहा!" मध्यावर शंकरला उभं केलं. शंकर चपळ होता, चलाख होता, फक्त एका जागी उभा राहत नसे. त्यामुळेच त्याच्याकडे बघून बॉल द्यावा लागे, आणि बघायची सवय आमच्यात कुणालाच उरली नव्हती. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. हनीफच्या पायात बॉल आला. देवाजी बादलीवरून म्हणाला, "आता!" हनीफने मान खाली घालून मारला. बॉल सरळ येऊन बादलीला लागला.

सगळे हसले. देवाजीही हसला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "शंकरले, शंकरले!" आणि बॉल पुन्हा त्याच्याच पायाशी. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा मोठ्या टेकामने तेच केलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

"मले काहून देऊन राहिला बे?" देवाजी उठून उभा राहिला. "मी भाईर हाय न!"

"काय करू चाचा," हनीफ रडकुंडीला येऊन म्हणाला. "आवाज आला की पाय आपोआप तिकडं जाते."

देवाजी पुन्हा बादलीवर बसला. त्या दिवशी त्याने प्रॅक्टिस लवकर संपवली. त्याला सायकल चालवता येत नव्हती म्हणून तिच्या हँडलवर भार टाकून तो चालत होता आणि मी दुसऱ्या बाजूने सायकल धरली होती. मैदान मागे पडलं तेव्हा तो थांबला. मग म्हणाला, "बाबू, मी या पोट्ट्यायले आंधळं केलं."

"काहीतरीच. तसं खेळूनच तर जिंकत आलो इतकी वर्षं."

"तेच त." थोडं चालून तो पुन्हा थांबला. "त्या पाच गोलाच्या दिवशी मले रडाले पायजे होतं. मी चहा पाजला."

मी सायकल पुढे ढकलली.

फायनलला आपण यायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. चारही पोरं त्याच्या घरी गेली. शंकर म्हणाला, "तुमी नुसते बसा, भाऊ. बोलू नका, पन बसा. तुमी दिसले नाई त आमचे पायच उचलनार नाई." यशोदावहिनींनी देवाजीला ताट वाढता वाढता सांगितलं, "जाऊ नका." तो आला. रिक्षातून उतरताना त्याने मला दुपट्टा दाखवला. "हा तोंडात धरतो. म्हंजे हूं की चूं निंगनार नाई."

सदरकडच्या मोठ्या मैदानावर फायनल होती. समोर दुसऱ्या गावच्या मिलची टीम, थोराड आणि उर्मट. लाइनीबाहेरच्या बेंचवर देवाजी बसला. दुपट्ट्याचा बोळा त्याने खरंच दातांत धरला होता. लोक हसत होते. मी गोलात होतो, तिथून तो मला बाजूने दिसत होता, आणि मला काही हसू येत नव्हतं.

आणि सांगायला आश्चर्य वाटतं, पोरं खेळली. अडखळत, चुकत, पण मान वर करून खेळली. शंकर सगळीकडे धावत होता, एकदा तर माझ्या गोलाशी येऊन मलाच आडवा आला. पण बॉल त्याला सापडत होता. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला शंकरने बॉल पुढे काढून दिला आणि धाकट्या टेकामने गोल मारला. सगळी टीम एका ढिगात पडली. माझ्याकडे तोंड करून कुणी चालत आलं नाही. मी बेंचकडे पाहिलं. देवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दुपट्टा तोंडातच होता.

पुढचा वेळ आम्ही कसा काढला ते मलाच माहीत. मी खरंच दोन अवघड बॉल अडवले. शिट्टी व्हायला आता थोडाच अवकाश होता. लोक घड्याळं बघत होते.

तेवढ्यात डावीकडे, बेंचच्या अगदी समोर, हनीफच्या पायात बॉल आला. त्याच्यावर दोघं धावून आले. मध्यावर शंकर मोकळा होता, एकदम मोकळा, पण हनीफची पाठ त्याच्याकडे होती. मी ओरडलो. माझ्या ओरडण्याची त्या टीमला कधीच किंमत नव्हती. हनीफ इकडे वळला, तिकडे वळला. अजून एक पळ, आणि बॉल जाणार होता.

देवाजी उभा राहिला. तोंडातला दुपट्टा पडला.

"हनीफ! शंकरले दे!"

हनीफची मान खाली गेली. त्याने पाहिलं नाही. त्याने आवाजाकडे दिला. बॉल मैदानातून सरळ देवाजीच्या दिशेने निघाला, लाइनीकडे, आणि लाइन ओलांडायच्या आत त्यांचा विंगर मध्ये आला. मग तो आणि मी, दोघंच. त्याने उजवीकडे मारला, मी डावीकडे पडलो.

बरोबरी झाली होती, हरलो नव्हतो. खरं तर काहीच गेलं नव्हतं. पण मी उठून पाहिलं तर आमची दहाच्या दहा पोरं बेंचकडे बघत उभी होती. देवाजी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून बसला होता. मान नाही नाही म्हणून हलवत होता. खेळ पुन्हा सुरू झाला तरी ती तिकडेच बघत होती. दुसरा गोल लगेचच झाला. तो कसा झाला हे मला कुणी विचारलं तर मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मिलभर हनीफची छी-थू झाली. कॅन्टीनमध्ये कुणीतरी ओरडलं, "कोनाले पास देल्ला बे? बेंचाले?" देवाजी लंगडत आत आला आणि त्या माणसासमोर उभा राहिला. "त्यानं बरोबर देल्ला," तो म्हणाला. "मी चुकीच्या जागी होतो." मग चहा न घेता परत गेला.

टीम बंद झाली. मैदानात खांब रोवायला गडी आले. चारही पोरं पुन्हा सकाळी फाटकाशी उभी राहू लागली आणि माझ्या खिडकीतून मला ती रोज दिसू लागली.

आमच्या मिलमध्ये एक रीत होती. तब्येतीमुळे काम सोडणाऱ्या कायम कामगाराला आपल्या जागी घरातला एक माणूस लावता यायचा. मुलगा, भाऊ, भाचा. महिन्याभराने देवाजी विव्हिंग मास्तरांकडे गेला. टाइम ऑफिसचा माणूस म्हणून मला बोलावलं होतं.

"कुणाला लावायचं?" मास्तरांनी विचारलं.

"हनीफले."

"अरे, तो तुझ्या घरचा कसा?"

"साहेब, माह्या आवाजावर चालते," देवाजी म्हणाला. "घरचे बी येवढं ऐकत नाई."

मास्तर हसले. मग त्याच्याकडे पाहून हसायचे थांबले आणि म्हणाले, "मेश्राम, तू काय खाशील?"

"बदली येईन न. लंगड्याले झाडू त मारता येते."

मी बाहेर आल्यावर त्याच्याशी भांडलो. चौघांपैकी एकालाच का, आणि तो एक हनीफच का, बाकी तिघांनी काय करायचं, आणि वहिनींना विचारलंस का? तो ऐकत राहिला. "तिघाले मी काम शोधून देईन," म्हणाला. "हनीफले मात्र लोक जगू देनार नाई. ती चूक त्याची नोती." वहिनी मला रस्त्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हा मानूस सगळ्यायले वाटत गेला. घरी काई आनलंच नाई."

त्यानंतर देवाजी खरोखरच बदलीच्या रांगेत उभा राहू लागला. त्याच्या हाताखाली माग शिकलेले लोक आता जॉबर होते, त्यांच्याच समोर. जॉबर लाजून त्याला कधीमधी सूतकचरा झाडायला आत घ्यायचा. पण बोट त्याच्याकडे गेलं की तो शेजारी असलेल्याला पुढे ढकलायचा. कधी शंकरला, कधी मोठ्या टेकामला. हनीफ रोज सकाळी कायम कामगारांच्या दारातून आत जायचा, मान खाली घालून.

हे फार दिवस चाललं नाही. मिलची तब्येत देवाजीच्या गुडघ्याहून वाईट होती. आधी माल पडून राहू लागला, मग पगार उशिरा होऊ लागले, मग तिसरी पाळी बंद झाली. कमी करायच्या कामगारांची नावं फाटकावर लागली. सगळ्यात शेवटी कायम झालेले आधी काढायचे, असा नियम. हनीफचं नाव अगदी वर होतं.

देवाजीला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. थंडी होती. त्या आठवड्यातच माझी बदली मिलच्या बाहेरगावच्या डेपोत झाली आणि मी नागपूर सोडलं. पुढे तो मला भेटला नाही. त्या सकाळी रांगेत पाच जण होते. शंकर, दोघं टेकाम, हनीफ आणि देवाजी. देवाजी मधोमध होता, भिंतीला एक हात टेकून. भोंगा व्हायच्या आधी जॉबर आला. त्याने कुणाकडेच बोट दाखवलं नाही. "घरी जा गा सगळे," तो म्हणाला. "आता बदली घेनार नाई. उद्याबी नाई, परवाबी नाई. येऊ नका." आणि आत जाऊन त्याने फाटक ओढून घेतलं.

मला वाटलं, आता ही पोरं शिव्या देतील, नाही तर निघून जातील. चौघंही जागची हलली नाहीत. चौघांनी देवाजीकडे तोंड केलं आणि थांबली. पुढे काय करायचं ते आता देवाजी सांगेल म्हणून त्याच्याकडे बघत राहिली. धाकटा टेकाम तर थोडा पुढे वाकला होता, ऐकू यावं म्हणून. देवाजीने तोंड उघडलं, मिटलं. फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा फाटकाकडे पाहिलं. त्याला काहीच सुचत नव्हतं. मला खिडकीतून ते स्वच्छ दिसत होतं. त्या चौघांना अजून दिसलं नव्हतं.